बिनतोंडाची डबी

ये गं, अशी जवळ येऊन बस. कागदातच का होईना, पण बस. परवा फोनवर तू हसलीस ते मला ऐकू आलं. कान अजून शाबूत आहेत माझे. "मोठीआई, तेव्हासुद्धा मोठ्या पडद्याची, फ्लॉपीची मशिनं मिळत होती की. तुम्ही ही डबी का घेतली?" असं विचारलंस, आणि मी सांगायला सुरुवात केली तर तुला दुसरा फोन आला. असं करू नये बाळा. दोन-तीन वर्षांतून एकदा येतेस, पिशवीचा बंद न सोडता परत निघतेस, आणि प्रश्न मात्र असा विचारतेस की उत्तराला अख्खी दुपार लागावी. म्हणून आज दुपारच काढली. नाकावर चष्मा, मांडीवर वही, खाली दुकानात तुझे मोठे बाबा. आता तुला कुणाचाही फोन येऊ दे, कागद कुठं जात नाही.

तू माझ्या धाकट्या जावेची लेक. तुझी आई बोलते किती आणि सांगते किती ते मला माहीत आहे, म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

आपलं घर तेव्हाही इथंच, परळीत, कापडाच्या दुकानाच्या वर. दुकान मोठे बाबा बघायचे. तुझे बाबा थर्मलमध्ये, म्हणजे वीजकेंद्रात, नोकरीला. वर आम्ही दोघी जावा. तू तेव्हा दुसरीत होतीस आणि सारखी पडत होतीस.

गाणं मला कुणी शिकवलं नाही. घरात पेटी आली ती गाण्यासाठी आलीच नव्हती. एका शाळेनं नवी पेटी घेतली, जुनी काढून टाकली, आणि तुझ्या आजोबांनी ती उचलून आणली, कारण दुकानात तागे ठेवायला तेवढ्याच उंचीचं काहीतरी पाहिजे होतं. वर्षभर तिच्यावर परकराच्या कापडाचे तागे होते. मी नवीन सून. दुपारी दुकान बंद असताना तागे उतरवायचे, पेटी उघडायची, रेडिओवर गाणं लागलं की हाताला लागेल ती पट्टी दाबायची. चुकली की शेजारची. दोन वर्षांत चुकायच्या पट्ट्या संपल्या. मग पेटी वर आणली. खाली ताग्यांना आजोबांनी लाकडी खोकं केलं, आणि या विषयावर ते पुढं कधीच बोलले नाहीत.

तुझी आई लग्न होऊन आली ती गात नव्हती. अजूनही गात नाही. पण मी पेटीवर बसले की शेजारी येऊन बसायची आणि माझा हात बघायची. तिचा भाऊ सौदीला होता. त्यानं एकदा कीबोर्ड आणला तिच्यासाठी. काळा, प्लास्टिकचा, सहा मोठे सेल लागायचे. माझ्याकडं पेटी, तिच्याकडं कीबोर्ड. डाव्या हातानं खालचा सूर, उजव्यानं ठेका. ढोलकीवाला मिळायचा नाही आपल्या बायकांच्या भजनाला, त्यामुळं तीच ढोलकी आणि तीच सगळं. कीबोर्डच्या मागं दोन गोल खाचा होत्या, प्रत्येकीत पाच पाच बारीक भोकं. ती कशाची हे आम्हाला अकरा वर्षं माहीत नव्हतं. मोठ्या बाबांनी एका भोकात उदबत्ती खोचून पाहिली होती. नीट बसली होती. म्हणून आम्हाला वाटलं, त्यासाठीच असावं.

दर सोमवारी दुपारी तीनला आपल्या माडीवर महिला भजनी मंडळ. अकरा बायका, आम्ही दोघी धरून तेरा. सोमवार म्हणजे महादेवाचा वार, परळीत तो कुणाला सांगावा लागत नाही. वीज आपल्याच गावात तयार होते. सोमवारी तीनच्या सुमाराला ती गावाबाहेर जायची, ते वेगळं. सेल होते, त्यामुळं आमचं काही अडलं नाही. असं अकरा वर्षं चाललं.

मग तुझ्या बाबांना पुण्याला खाजगी कंपनीत नोकरी लागली. ते दिवसच तसे होते. गावात केबल नुकती आली होती, चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ, आणि ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी पुण्याला निघालेलं. सगळ्यांना आनंद झाला. पेढे वाटले. संध्याकाळी आम्ही दोघी चुलीपाशी. ती भाकरी थापत होती, मी भाजत होते. ती म्हणाली,

"अक्का, सोमवारचं कसं?"

मी म्हणाले, "बघू."

निरोप घ्यायचा म्हणून आम्ही जे काय बोललो ते एवढंच. रडलो वगैरे नाही. एक भाकरी करपली, ती गाईला घातली.

पण मला खरंच कळत नव्हतं सोमवारचं कसं. तिच्या आजीच्या वर्षश्राद्धाला ती माहेरी गेली होती तेव्हा एक सोमवार तिच्याशिवाय करून पाहिला होता. तेरातल्या बारा बायका, एकच भजन, आणि ते चार वेगवेगळ्या वेळी संपलं. शेजारची दगडूबाईची सून, नाव नको, तिला आपण शेजारीण म्हणू, ती शेवटी एकटीच म्हणत होती आणि बाकीच्या तिच्याकडं बघत बसल्या होत्या. तुझी आई गेली म्हणजे दर सोमवारी तेच. माझ्या हातात त्या माडीवरचं तेवढंच एक होतं, आणि ते जायची वेळ आली होती.

अंबाजोगाईला एक मास्तर होते. लग्नात ऑर्केस्ट्रा घेऊन जायचे, आणि एरवी मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांच्या पोरांना कीबोर्ड शिकवायचे. मी त्यांच्याकडं गेले ते, कुणी वाजवणारी बाई मिळंल का, हे विचारायला. ते म्हणाले, "बाई कशाला? डबा घ्या." आणि टेबलावरचं एक खोकं दाखवलं. त्याला सिक्वेन्सर म्हणतात.

"टेप हाय का हा?" मी विचारलं.

"टेप न्हाई ताई. टेपमधी आवाज बसतो. ह्याच्यात बोटं बसतात. कोणती पट्टी, कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, तेवढंच ह्ये ध्यानात ठेवतं. मग तारेनं कीबोर्डला सांगतं, आन कीबोर्ड तसाच वाजतो."

"तार कुठं लावायची?"

"कीबोर्डच्या मागं. गोल खाच असती बघा, पाच भोकांची."

मी उदबत्तीचं काही बोलले नाही.

"वाजवणारी बाई घरात नसली तरी वाजतो?"

"बाई पुण्याला असली तरी वाजतो."

पुण्याचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. तेव्हा अंदाजानं पुणं म्हटलं तरी बरोबर यायचं.

शिवाय म्हणाले, टेपवर भजन भरलं तर ते एकाच पट्टीत अडकतं. ह्यात माझा घसा बसला असेल त्या दिवशी पट्टी उतरवता येते, लय कमी करता येते. मला ते पटलं. पण मला मुळात बोटंच पाहिजे होती. आवाज काय, कुणाचाही चालला असता.

मास्तर भला माणूस. म्हणाले, माझं जुनं मशीन आठवडाभर न्या, शिकून बघा, मग काय घ्यायचं ते घ्या. गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर ठेवून आणलं आम्ही ते. चांगलं मोठं होतं, पोळपाट दोन मांडावेत एवढं. पुढं फ्लॉपीचं तोंड.

आता आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. घरात नवीन काही आलं की त्याला तीन बोटं भस्म आणि एक बेलाचं पान. मिक्सरला लावलं, टीव्हीला लावलं, स्कूटरला लावलं. गॅसची टाकी बदलली की दर वेळी नव्या टाकीला लावतात. टाकी आणणारा आता पान पडेपर्यंत थांबतो. मोठ्या बाबांनी मशीन न्याहाळलं. कपाळ कुठं आहे ते बघितलं. त्यांच्या मते फ्लॉपीच्या तोंडाच्या लगेच वर कपाळ होतं. तिथं त्यांनी तीन बोटं ओढली, चांगली भरघोस, आणि पान तोंडातच अडकवलं, कारण तिथं ते पडत नव्हतं.

तुझ्या आईनं दुसऱ्या दिवशी दोन तास बसून एक भजन भरलं. मी गात होते, ती वाजवत होती, मशीन ध्यानात ठेवत होतं. पुन्हा लावलं तर खरंच, तिचे हात मांडीवर आणि कीबोर्ड वाजतोय. तिनं हात पदराखाली घेतले. मग वीज गेली. आली तेव्हा मशीन कोरं. पुस्तकात लिहिलं होतं की बंद करायच्या आधी फ्लॉपीत साठवावं. दुसऱ्यांदा भरलं, फ्लॉपी घातली, तर आतून जात्यावर खडे दळल्यासारखा आवाज आला आणि फ्लॉपी बाहेर आली ती करड्या रंगाची.

अंबाजोगाईला परत नेलं. मास्तरांनी स्क्रू काढले, आत फुंकर मारली, आणि त्यांना शिंक आली.

"तुमी परळीचे. राखंचा तरास असंलच," ते म्हणाले. "कोळशाची राख लई बारीक असती."

"कोळशाची न्हाई," मोठे बाबा म्हणाले. "देवघरातली हाय. चांगली हाय."

मास्तरांनी बारीक कुंचल्यानं सगळं झटकलं. ते मशीन सुधारलं, देवाची कृपा. मग ते हात धुऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "दादा, इलेक्ट्रॉनिक वस्तूला भस्म लावत न्हाईत."

"मग बिनतोंडाचं मशीन सांगा," मोठे बाबा म्हणाले.

इथं तू हसशील. पण खरं सांगते, भस्म न लावणं हा मार्ग आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नाही. माझ्यासुद्धा नाही. मास्तरांनी विचार केला आणि म्हणाले, असतात तशी, आत सेल असतो, वीज गेली तरी विसरत नाहीत, फ्लॉपी लागत नाही. इकडं मिळायची नाहीत. सिकंदराबादला बघा.

तर मशीन निवडायचं ठरलं ते असं. पडदा केवढा, आवाज किती, हे कुणी विचारलं नव्हतं. तोंड नसावं, आणि विसरू नये.

सिकंदराबादला गाडी सरळ जाते आपल्याकडून. आम्ही तिघं गेलो. तुझी आई, मी आणि मोठे बाबा. तुझ्या आईनं कीबोर्ड बरोबर घेतला, कारण बोटं कशात नीट बसतात ते तिच्या पट्ट्यांवरच कळणार. तुला तुझ्या बाबांजवळ ठेवलं होतं आणि तू जिन्यावरून पडलीस, पण ते आम्हाला परत आल्यावर कळलं.

दुकानदार वयस्कर होते, पांढरी दाढी, बोलणं हैदराबादी.

"क्या होना अम्मा?"

मी काही बोलायच्या आत मोठे बाबा म्हणाले, "बाजा याद रखनेकी मशीन होना. मुंह नक्को उसको."

"मुंह नक्को बोले तो?"

मी फ्लॉपीची खाच बोटांनी दाखवली.

"अरे चचा, सब लोगां फ्लॉपीच मांगरे आजकल!"

"उनके घर में भस्म नै रहता होंगा," मोठे बाबा म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तरी तेच मशीन काढलं जे विकायचं होतं. नवंकोरं, मोठा निळा पडदा, तीनशे आवाज आतच, फ्लॉपी अर्थातच. तुझ्या आईला म्हणाले, बजाओ बेटा. तिनं आपलं नेहमीचं भजन वाजवलं, मी बारीक आवाजात म्हटलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती गिटार बघायचं सोडून आमच्याकडं बघायला लागली. संपल्यावर दुकानदारांनी दोन बटणं दाबली.

"अब सुनो. मशीन गाती."

मशीन वाजायला लागलं. सुंदर वाजत होतं, लख्ख. मी बरोबर म्हणायला लागले. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यावरून धृपदावर परत यायचं तिथं माझा श्वासच संपला. ओळ अर्धी राहिली, मशीन पुढं गेलं. मला वाटलं, प्रवासानं झालं असेल. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा मला खोकला आला.

"हे काय बरोबर न्हाई," मी तुझ्या आईला म्हणाले. "तू वाजवलंस तसं ह्यानं ठेवलं न्हाई."

दुकानदारांना फार आनंद झाला. "ठीक कर दिया ना अम्मा! येच तो खूबी है इसकी. बहू वहां जरा अटक रही थी, हर दफे. मशीन ने सीधा कर दिया. गलती निकाल दी."

"बहू नै, जाऊ है," मोठे बाबा म्हणाले.

मी तुझ्या आईकडं बघितलं. ती कीबोर्डकडं बघत होती.

"तू अडकतीस तिथं?"

"अडकत न्हाई," ती म्हणाली. "थांबते."

"कावून?"

"तुमचा श्वास पुरत न्हाई तिथं, अक्का. तुमी घेतला की मी पुढं जाते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

अकरा वर्षं. अकरा वर्षं मी त्या बायकांना सांगत आले होते की धृपदावर येताना दम कसा राखायचा ते माझ्याकडून शिका.

मी दुकानदारांकडं पाणी मागितलं. त्यांनी माठातलं दिलं. प्याले. मग म्हणाले, "चाचा, वो सीधा करने का बंद होता क्या?"

बंद होत होतं. पुस्तक वाचून त्यांना ते सापडायला बराच वेळ लागला, कारण आजवर कुणी बंद करायला सांगितलंच नव्हतं. बंद केल्यावर मशीन तिच्यासारखं थांबलं. मी श्वास घेतला. सगळं ठीक झालं, आणि मी जवळजवळ हो म्हणणार होते. तेवढ्यात मोठ्या बाबांनी विचारलं, "लाइट गई तो?"

"फ्लॉपी में रखना पड़ता चचा."

"मुंह," मोठे बाबा म्हणाले, आणि विषय तिथं संपला.

मग काचेच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवरून ही डबी निघाली. कुणीतरी वापरून परत आणून दिलेली. करडी, मसाल्याच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, दोन ओळींचा बारका पडदा, आठ बटणं. प्रत्येक बटणात एक थर, म्हणजे एकात ठेका, एकात खालचा सूर, असे आठ. सरळ करायची सोय होती, पण आपण सांगितल्याशिवाय ती करायची नाही. दिलं तसं ठेवायची. तोंड नाही. तुझ्या आईनं वाजवलं, डबीनं ठेवलं. मग मोठ्या बाबांनी उठून भिंतीतून वायरच उपटली.

"अरे अरे चचा!"

मोठ्या बाबांनी डोळे मिटून अकरा वेळा शिवाचं नाव घेतलं. घाई केली नाही. मग वायर परत खोचली. डबीत तुझ्या आईची बोटं जिथल्या तिथं होती, थांबण्यासकट.

"अंदर सेल है," दुकानदार म्हणाले. "बरसों चलता."

"किती बरसों?" मी विचारलं.

"बरसों," ते म्हणाले.

मी कापडाच्या दुकानातली बाई. कुणी नुसतं 'भरपूर' म्हणून कापड दिलं तर मी घेत नाही, मोजून घेते. तिथं मात्र मी मान हलवली. मन दुसरीकडं होतं माझं.

परतीच्या गाडीत बिदरच्या पुढं आलो असू. डबी माझ्या मांडीवर, कीबोर्ड तुझ्या आईच्या. तिनं हात लांब करून डबी चाचपली. मग म्हणाली,

"अक्का, ह्या डबीला सोताचा आवाज न्हाई ना?"

"न्हाई. ती बोटं ठेवती. आवाज कीबोर्डचा."

"मग डबी वाजवायला कीबोर्ड लागंलच की."

त्या निळ्या पडद्याच्या मशिनीत तीनशे आवाज आतच होते. तारेचं मास्तरांनी सांगितलं होतं, आवाजांचं दुकानदारांनी सांगितलं होतं, आमच्या तिघांच्याही कानावरून ते गेलं होतं. आम्ही तोंड बघत बसलो. डबी परळीत राहिली तर कीबोर्डही परळीतच राहणार. तिच्या भावानं तिला दिलेला.

मोठे बाबा म्हणाले, "पुढच्या स्टेशनाला उतरू. परत जाऊ. ते दुसरं घेऊन येऊ."

"त्याला तोंड हाय, दादा," तुझी आई म्हणाली.

"मी भस्म लावणार न्हाई."

ते असं काही बोलतील हे मला खरं वाटलं नाही. तुझी आई हसली. ती क्वचित हसते, तुला माहीत आहे.

"लावाल," ती म्हणाली. "राहू द्या कीबोर्ड हितंच. पुण्याला मला कोण गायला बसणार हाय?"

एवढं बोलून तिनं डबा काढला आणि सगळ्यांना दशम्या दिल्या.

पुण्याला जायला सात आठवडे होते. रोज दुपारी आम्ही भरायला बसायचो. आमची भजनं सत्तरच्या वर, आणि डबीत मावली एकोणीस. त्यावरून मंडळात जे झालं ते मी लिहीत नाही, त्यातल्या दोघी अजून येतात. आरती ठेवायची की नाही यावर एक अख्खा सोमवार गेला. शेवटी आरती ठेवली आणि शेजारणीचं आवडतं काढलं. ती तीन सोमवार आली नाही, चौथ्याला आली, कारण घरी बसून आवाज ऐकूच येत होता. भस्म पडद्याच्या वर लावलं होतं मोठ्या बाबांनी. तीन बोटं. डबीला काही झालं नाही.

तुम्ही गेल्यावरचा पहिला सोमवार. मी पेटी घेतली, कीबोर्ड तिच्या जागी, डबी पाटावर, तीनच्या विजेचा भरवसा नको म्हणून स्कूटरच्या जुन्या बॅटरीला जोडलेली. बटण दाबलं. ठेका सुरू झाला. शेजारीण दारातून आली, कीबोर्डकडं बघून थबकली.

"आन बाई कुठंय?"

"पुण्याला."

"मग वाजवतंय कोण?"

"तीच."

"बरं," ती म्हणाली, आणि टाळ घेऊन बसली.

सगळ्यांचं भजन एकाच वेळी संपलं. त्यानंतर आजतागायत संपतंय.

तर हे उत्तर झालं तुझ्या प्रश्नाचं. आता माझं एक काम आहे, त्यासाठी खरं तर एवढी वही काळी केली.

श्रावणापासून डबीच्या पडद्यावर एक बारकं चौकोनी चिन्ह यायला लागलंय. मास्तर आता थकलेत, पण त्यांना विचारलं. ते म्हणाले, आतला सेल संपत आला. तो बदलायला काढला की आतलं सगळं जाणार. बरसों झाले म्हणायचे. तूच म्हणालीस ना मागं, तुझ्या कॉम्प्युटरला तार लावली की डबीतलं त्यात उतरवून घेता येतं? तर ते घेऊन ये. दोन गोष्टी सांगून ठेवते. एक, कॉम्प्युटर घरात आला की मोठे बाबा त्याला भस्म लावणार. त्यांना नाही म्हणू नकोस, झाकण मिटून पुढं कर. दुसरी, तुझ्याकडंही ते सरळ करायचं बटण असेलच. त्याला हात लावू नकोस. एकोणीसच्या एकोणीस भजनांत तुझी आई कुठं कुठं थांबलीय, ते तिथंच राहू दे.

आणि तिला घेऊन ये. हे मी तिला फोनवर सांगितलं नाही, तू सांग. त्याचं असं झालंय की डबी थांबते, अजून थांबते, पण तेव्हा मला जेवढा वेळ लागायचा तेवढीच. मला आता जास्त लागतो. गेली दोन वर्षं धृपदाची ओळ मी मधूनच उचलते. मंडळात कुणाच्या लक्षात आलेलं नाही, सगळ्यांचंच वय झालंय. डबीला बिचारीला ते कळायचं कसं? तिनं दिलं तसं ठेवलं. तुझ्या आईला मात्र पहिल्या कडव्यातच कळेल. कीबोर्डला दर महिन्याला फडकं मारते, पट्ट्या सगळ्या चालतात, सेल नवे घालून ठेवते.

पुन्हा भरू म्हणावं. यावेळी जरा जास्त थांब म्हणावं.

लवकर या गं दोघी. सोमवार धरून या, तीनच्या आत. पोहे करते, आणि पिशवीचा बंद या खेपेला सोडायचा.